सायकलला पासपोर्ट

आमच्या सिल्व्हर पार्कात हल्ली एक नवी जमात निघाली आहे. ही मंडळी सायकल चालवायला इटलीला जातात. खोटं वाटत असेल तर कुठल्याही रविवारी सकाळी मीरा-भाईंदर रस्त्यावरच्या एखाद्या चहाच्या टपरीशी उभे राहा. मेट्रोच्या खांबांकडे पाठ करून कुणीतरी कुणालातरी टस्कनीमधले चढ-उतार हातवारे करून समजावून सांगत असेल. पूर्वी माणसं काशीला जाऊन आली की गंगेचा गडू द्यायची. आता ऑलिव्ह तेलाची बोटभर बाटली देतात. आम्हांलाही एक मिळाली. ते तेल समईत घालायचं की गुडघ्यांना चोळायचं, यावर घरात दोन दिवस मतभेद होते.

तर मुद्दा असा, की त्यांच्या जाण्याला माझी काही हरकत नाही. टेकडीवरची दगडी गावं, सिएना, सान जिमिन्यानोचे ते उंच मनोरे, रस्त्याच्या दुतर्फा सुरूसारखी ताठ उभी झाडं. माणसाने जरूर बघावं. शिवाय व्यवस्था अशी चोख, की सामान गाडीतून पुढच्या मुक्कामी जातं आणि सायकलला बॅटरी असते. चढ आला की बटण दाबायचं. आम्ही वाईला शाळेत असताना पसरणीचा घाट यायचा तेव्हा खाली उतरायचो. पण तो काळ वेगळा आणि सायकलीही तासाच्या भाड्याच्या. चढावर दमलं तरी एक डोळा घड्याळावर.

माझं भांडण आहे ते ही मंडळी विमानतळावरून घरी आल्यानंतरचं.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा एक ठराव आला. 'जिन्याखालील भंगार सायकली हटवून सदर जागा दुचाकी पार्किंगला देणे.' सूचक कोण? बाटलीवाले काका! म्हणजे आम्हांला ज्यांनी तेलाची बाटली दिली ते. अंगावर अजून इटलीचं ऊन होतं. मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, "काका, महिन्यापूर्वी तर तुम्हीच सायकल चालवून आलात."

काका माझ्याकडे, लहान मुलाने पाहुण्यांसमोर भलतंच काही विचारावं, तसे बघत म्हणाले, "अहो, ते वेगळं. ते सायकलिंग."

"आणि या?"

"या सायकली."

मंडळी, माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांत आलेलं आहे. इंग्रजी शेपूट लागलं की प्रतिष्ठा, नाही लागलं की भंगार. 'चालणं' हे गरिबी आणि 'वॉकिंग' हे आरोग्य, तशातली गत. अंगाला चिकटलेली, बुडाखाली गादी शिवलेली चड्डी घालून जो जातो तो सायकलिस्ट. पँटचा पायचा मोज्यात खोचून जो जातो तो सायकलवाला. पहिल्याला गेटवर सलाम मिळतो. दुसऱ्याला "कुठे जायचंय?" असं विचारतात. विचारणारा वॉचमन स्वतः सायकलनेच आलेला असतो, ही गंमत पुन्हा निराळीच.

जिन्याखाली एकूण पाच सायकली आहेत. एक त्या वॉचमनची, एक पेपर टाकणाऱ्या मुलाची, एक इस्त्रीवाल्याची, तिच्या कॅरियरवर कपड्यांची गाठोडी बांधायला ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या असतात. चौथी बी विंगमधल्या एका मुलाची, तो दहावीत गेल्यापासून टायर बसलेली. पाचवी माझी. काळी, बावीस इंची, मागे कॅरियर, पुढे डायनामोचा दिवा. ती घेतली तेव्हा आमच्याकडे नगरपालिकेला सायकलचा कर भरावा लागे आणि पत्र्याचा बिल्ला मिळे. रात्री दिवा नसला किंवा मागे कुणी बसवलं, की पोलीस अडवत. राग यायचा, पण एक होतं. अडवत होते म्हणजे वाहन समजत होते. आता कुणी अडवतही नाही.

बरं, इटलीवरच एवढं प्रेम आहे ना, मग इटलीचं तरी धड ऐकावं. टस्कनीतच कियांती भागात गायोले नावाचं गाव आहे. तिथे १९९७ पासून दरवर्षी सायकलींची एक यात्रा भरते. नाव 'लेरोइका'. नियम असा, की सायकल १९८७ च्या आधीची हवी. गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा बाहेरून दिसणाऱ्या, पायडलला पट्टे. स्वार जुन्या लोकरी जर्सी घालून येतात. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर तिथले पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून! म्हणजे तिकडे जुनी सायकल जुना रस्ता वाचवते. आमच्याकडे जिन्याखालची सहा फूट जागासुद्धा तिला वाचवता येत नाही. माझी सायकल १९८७ च्या कितीतरी आधीची आहे, हे मी सभेत सांगितलं. ती शर्यतीची असावी लागते, हा तपशील कुणी विचारला नाही आणि मीही ओढून आणला नाही.

त्याच देशात कोमो सरोवराजवळच्या टेकडीवर एक छोटं देऊळ आहे, मादोन्ना देल गिझाल्लो. १९४९ साली पोपनी तिथल्या माउलीला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. आत मोठमोठ्या विजेत्यांच्या सायकली भिंतीवर टांगलेल्या आहेत. आपणही दसऱ्याला सायकलला झेंडूची माळ घालतो, नाही असं नाही. पण माळ सुकायच्या आत तिला भंगारवाला दाखवतो. आणि त्या जीनो बार्ताली नावाच्या पठ्ठ्याबद्दल काका काहीच बोलले नाहीत. १९३८ ची 'तूर द फ्रान्स' त्याने जिंकली, मग मध्ये महायुद्ध, मग १९४८ ला पुन्हा जिंकली. पण युद्धाच्या दिवसांत हा गडी सरावाच्या नावाखाली फ्लॉरेन्स आणि असिसीच्या दरम्यान जा-ये करायचा आणि सायकलच्या नळीत दडवून ज्यूंसाठी खोटी ओळखपत्रं न्यायचा. कितीक जीव त्या नळीतून वाचले. नंतर त्याने याचा फारसा गवगवाही केला नाही. आमच्यातले काही जण आठ दिवस बॅटरीवर फिरून आले तरी पुढचे आठ महिने गवगवा चालू असतो.

"पण इथे बघायला आहे काय?" हा सभेतला दुसरा आक्षेप. हा मात्र मला मनस्वी झोंबला.

सिल्व्हर पार्काहून निघा, पूल ओलांडून भाईंदर पश्चिमेला उतरा आणि उत्तनचा रस्ता धरा. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं लागतात. एका बाजूला मिठागरं. पहाटे त्यांच्या चौकटींत आभाळ भरून राहिलेलं असतं. पुढे डोंगरीचा चढ. चढाच्या आसपास पोर्तुगीज काळापासूनचं चर्च, वाटेवर क्रूस, कौलारू घरं आणि दारात मराठी बोलणारी ख्रिस्ती म्हातारी. चौकला धारावीचा किल्ला, तोच, जो १७३९ साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. खाली उत्तनचा कोळीवाडा, बांबूंवर वाळणारे बोंबील आणि समोर समुद्र. एवढं सगळं बारा-चौदा किलोमीटरांत. टेकडी झाली, जुनं गाव झालं, चर्च झालं, घंटा झाली. सुरूच हवे म्हणाल तर किनाऱ्यावर तेही आहेत. वासाची हमी मात्र बोंबलांची.

घंटेवरून आठवलं. आमच्या वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागे, नदीकाठी एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरीमाता आणि बाळ येशू आहे. चिमाजी अप्पांच्या स्वारीत ती वसईहून आली. लहानपणी मी भाड्याच्या सायकलवरून, नळीखालून पाय घालून, ती बघायला जात असे. आता तिच्या माहेराशेजारी, खाडीच्या अलीकडे राहतो. एवढं जुनं नातं पायाखाली असताना बघायला काय आहे म्हणून विचारता?

आणि इटालियनांनाच विचारायचं असेल तर एका इटालियनाने याचं उत्तर तीनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. जेमेल्ली कारेरी नावाचा नेपल्सकडचा एक वकील जगप्रवासाला निघाला आणि १६९५ साली वसईला आला. आपल्या मागे ज्या डोंगरांत कान्हेरीची लेणी आहेत तीही त्याने पाहिली आणि आपल्या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं. त्याने आपला डोंगर बघायला अर्धं जग ओलांडलं. काका आठव्या मजल्यावर राहतात, त्यांच्या बाल्कनीतून तोच डोंगर दिसतो. तिथे त्यांनी कपडे वाळत घातलेत.

आता खरी अडचण सांगतो, कारण ती काकांनी सांगितली नाही. अडचण रस्त्याची आहे. सिल्व्हर पार्काहून काशिमिऱ्याकडे सायकल काढा, डोक्यावर मेट्रोचा पूल आणि पायाखाली कडेची ती हातभर पट्टी, जिच्यात रिक्षा, खड्डा, गटाराचं झाकण आणि तुम्ही असे चौघे एकदम मावायचे असता. पुढे घोडबंदरला वळलात की चेण्याचं जंगल, खाडी, किल्ला, असा रस्ता की इटलीने हेवा करावा. आणि गायमुखच्या घाटात मागून येणारा ट्रेलर, ज्याच्या हॉर्नने पायडल आपोआप फिरतं. हौशी मंडळी पहाटे साडेचारला निघतात, का, तर रस्ता मोकळा मिळतो. आमचा वॉचमन रात्रपाळी संपवून सकाळी आठला निघतो. त्याला मोकळा रस्ता कोण देणार? त्याच्या हँडलला डबा असतो, हेल्मेट नसतं, आणि त्याची सायकल कुठल्याच आराखड्यात नसते. डोंगरीच्या टेकडीवर मेट्रोच्या कारशेडसाठी हजारो झाडं तोडायची नोटीस २०२५ साली निघाली तेव्हा गावकऱ्यांनी हरकती घेतल्या. आमच्या सोसायटीतून किती गेल्या, ते मी विचारलं. त्या आठवड्यात बरेच जण बाहेरगावी होते म्हणे.

१९२३ साली मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर बसून जगाच्या प्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतले तिघे १९२८ साली ती पुरी करून परतले. वाळवंटातून गेले, जंगलातून गेले. सामान पुढे न्यायला गाडी नव्हती. पुढे अख्ख्या देशाने सायकलवर शाळा केली, गिरणी केली, संसार केला. आणि २०२० साली ३ जूनला साहिबाबादचा ॲटलासचा कारखाना बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता! कामगार दारावर नोटीस वाचत होते आणि जग सायकलचे फायदे वाचत होतं.

म्हणून माझ्या मागण्या सोप्या आहेत. जिन्याखालच्या पाच सायकली जिन्याखालीच राहतील. दहावीच्या मुलाच्या सायकलमध्ये हवा मी भरतो. रस्त्याची कडेची पट्टी गटाराच्या झाकणांसकट नीट करून द्या, रंगवून उद्घाटन नाही केलं तरी चालेल, पण तिच्यावर गाड्या उभ्या करू नका. ज्यांनी बाहेरदेशी सायकलचा मान पाहिला आहे त्यांनीच पालिकेकडे जाऊन हे सांगावं, कारण त्यांच्याकडे फोटो आहेत. आमच्याकडे नुसत्या सायकली.

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे. तोवर काकांना माझं जाहीर आमंत्रण आहे: येत्या रविवारी पावणेसहाला गेटवर या. सायकल इस्त्रीवाल्याची मिळेल, मी बोलून ठेवलंय, फक्त दहाच्या आत परत द्यायची आहे. बॅटरी नाही. डोंगरीच्या चढावर उतरून ढकलायची. उत्तनला बंदरावर चहा माझ्याकडून.