दहाचा रकाना

गेल्या डिसेंबरात आमचा भाचा लोणावळ्याला उतरला तो पाठीवर पिशवी आणि हातात तक्ता घेऊन. मी बँकेतला कारकून. तक्ता दिसला की आधी बेरीज तपासतो. नाताळ ते ३१ डिसेंबर अशा सात रात्रींचा तो हिशेब होता. दोन रात्री पवनेच्या काठी तंबूत, एक पुण्यात, एक लोणावळ्यातल्या भाड्याच्या बंगल्यात, दोन रात्री ‘विश्रांती’ आणि ३१ला पुन्हा पवनाकाठी. सगळीकडे डीजे आणि ते इलेक्ट्रॉनिक संगीत. गाडी कोण चालवणार (म्हणजे कोण पिणार नाही), कानात घालायचे बोळे, पॉवर बँक, रोज किमान पाच तास झोप, सगळं लिहिलेलं. बेरीजही बरोबर.

“बी.कॉम.ला असताना तुम्ही असं नियोजन केलं असतं, तर आज मॅनेजर असता,” सौ. म्हणाली. हे वाक्य ती कुठेही बसवू शकते.

आता तुम्हाला वाटेल, मी पोरांच्या नावाने बोटं मोडणार. मुळीच नाही. २००७ साली गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न सुरू झाला तेव्हा आम्ही ‘असेल काहीतरी’ म्हणालो. २०१३ साली तसलाच मेळा अ‍ॅम्बी व्हॅलीत भरला. (ठिकाण मुळशीत, वाट आमच्या मावळातून! भुशी धरणावरून जाणारा तो रस्ता.) २०१६ साली सनबर्न पुण्याजवळ केसनंदला आला. नाचू देत की! माझं भांडण तक्त्यात नसलेल्या एका रकान्याशी आहे. संगीत थांबणार किती वाजता?

“ते कसं लिहिणार, मामा? रंगात आलं की चालतं.”

वा! उद्या रोकड मोजण्यात रंग भरला म्हणून मी काउंटर रात्री दोनपर्यंत उघडा ठेवू का?

आमच्या शाखेत पवनाकाठचे एक दूधवाले येतात. पहाटे चारला त्यांची धार काढायची वेळ. सुट्टीच्या मोसमात ते काउंटरला टेकून उभ्या उभ्या डुलक्या घेतात. “साहेब, रातभर धडाम् धडाम्. माणूस उशी घेतंय कानावर, म्हशीनं काय घ्यावं? पान्हा चोरत्यात पार.” आता भाच्याच्या तक्त्यात कानाचे बोळे आहेत, पण ते जो हौसेने ऐकायला जातो त्याच्यासाठी. ज्याने तिकीट काढलं नाही त्याला बोळे कोण देणार?

त्यात थंडीच्या रात्री पाण्यावर गार हवेचा थर बसतो. वर उडून जायचा आवाज त्यामुळे खाली वळतो आणि पाण्यावरून सरकत पलीकडच्या गावात जातो. गाण्यातलं बाकीचं वाटेत गळतं. उरतो तो ठोका, आणि ठोक्याला भिंत अडवत नाही. तिकोन्याच्या पायथ्याला झोपलेल्या माणसाला संगीत मिळत नाही, नुसती धडधड मिळते.

कायदा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत, तीही सरकारने दिली तर. ३१ डिसेंबरला त्या यादीत बहुधा जागा मिळते. उरलेल्या रात्रींचं काय?

“पण मामा, दहाला संपलं तर मजाच काय?”

हे मला सांगतोस? कॉलेजात असताना मी वडिलांबरोबर रमणबागेत सवाई गंधर्वला बसलो आहे. सतरंजी, मफलर, थर्मास, आणि कोणाच्या गाण्याला डुलकी काढायची याचंही नियोजन! १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव रात्र रात्र चाले. पहाटेचे राग पहाटेच ऐकायचे म्हणून लोक बसून राहत. मग दहाचा नियम आला. रसिक हळहळले, चिडले, आणि मैफल दुपारी सुरू करू लागले. ज्यांच्या रागांना घड्याळ बांधलेलं त्यांनी पहाट सोडली. ज्या ठोक्याला पहाट काय नि दुपार काय, त्याला दुपारी चारला सुरू व्हायला काय होतं?

शेजारचे काका लगेच म्हणाले, “बरोबर! या पोरांना वळण नाही.” काका, थांबा. विसर्जनाला खिडक्यांच्या काचा वाजवणारी भिंत कोणाच्या वर्गणीतून उभी राहते? पुतण्याच्या वरातीत साडेअकराला ‘अजून एक गाणं’ कोण ओरडलं? पोरांना हा रकाना दिसत नाही, कारण आपल्याही कुठल्या कार्यक्रमपत्रिकेत तो कधी नव्हता.

भाच्याने पेन काढलं. खरंच एक रकाना आखला. सहा रात्रींपुढे १०, ३१च्या पुढे १२. बुकिंगवाल्याला फोन लावून विचारलं, “दहानंतर हेडफोनवर वाजवता का?” एकाने हो म्हटलं, एकाने फोन ठेवला. ती रात्र त्याने खोडली आणि तिथे ‘मामाकडे झोप’ असं लिहिलं.

मग थांबून म्हणाला, “पण मामा, तू घोरतोस.”

“पंचेचाळीसच्या वर,” आतून सौ. म्हणाली.