खुणा न पाहणारा पिचर

अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमधला पहिला काळा खेळाडू कोण, असं विचारलं की लोक सांगतात, जॅकी रॉबिन्सन, साल १९४७. रॉबिन्सन मोठा माणूस, वाद नाही. पण त्याच्या ६३ वर्षं आधी, १८८४ साली, मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलेडोच्या टीमकडून काळा म्हणून राजरोस खेळून गेला होता. ४२ मॅचेस. मग मधल्या काळात काळ्यांना खेळता येत नव्हतं का? येत होतं. दार उघडं होतं, ते बंद केलं गेलं. ‘पहिला, पहिला’ म्हणून टाळ्या पिटताना हेच झाकलं जातं.

वॉकर ओहायोचा, ओबर्लिन कॉलेजात शिकलेला. मैदानात तो कॅचर. बॅटवाल्याच्या मागं राहून पिचरनं फेकलेला चेंडू झेलायचा. आजच्यासारखे जाड हातमोजे तेव्हा नव्हते. कॅचरनं खूण करायची, पिचरनं तसा चेंडू टाकायचा, हा रिवाज. टोलेडोचा पिचर टोनी म्युलेन. त्यानं पुढं स्वतःच कबूल केलं की वॉकरसारखा कॅचर आपल्याला दुसरा मिळाला नाही. पण काळ्याची खूण मानायची नाही म्हणून आपण मनाला येईल तसा चेंडू टाकायचो. आणि वॉकर ते झेलायचा.

मी गोदीत काम करतो. क्रेनवाल्यानं खालच्याचा इशारा न पाहता बोजा सोडला तर काय होतं, ते मला ठाऊक आहे. म्युलेन विरोधी टीमचा नव्हता. आपल्याच टीमचा होता.

१८८३ साली शिकागोची टीम टोलेडोला आली. कॅप्टन कॅप अ‍ॅन्सन, त्या काळचा बडा स्टार. काळा मैदानात असेल तर आपण खेळणार नाही, म्हणाला. टोलेडोचा मॅनेजर चार्ली मॉर्टन हटला नाही. दुखापत झालेल्या वॉकरला त्यानं मुद्दाम उतरवलं. गेटाचे पैसे जातील म्हटल्यावर अ‍ॅन्सन मुकाट खेळला.

म्हणजे एक माणूस अडून बसला की हे असले कॅप्टन वाकतात. पण १८८७ साली अडून बसणारा कुणी नव्हता. १४ जुलैला इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठरवलं, काळ्यांशी नवे करार मंजूर करायचे नाहीत. त्याच दिवशी वॉकरच्या न्यूअर्क टीमची शिकागोशी मॅच होती. काळा पिचर जॉर्ज स्टोव्ही बाहेर बसला. मोठ्या लीगांनी तर कागदही खराब केला नाही. सभ्य गृहस्थांची आपसातली समजूत, बस्स.

१८८९ साली सिरॅक्यूजच्या टीमनं वॉकरला सोडलं. १९०८ साली त्यानं पुस्तिका काढली: काळ्यांनी अमेरिका सोडावी, आफ्रिकेला जावं. मला हे पटत नाही. जिथं घाम गाळला ती जमीन सोडून कुठं जायचं? पण त्याला शिव्या द्यायला जीभ उचलत नाही. आपल्याच माणसाचे न सांगितलेले चेंडू झेलून झेलून तो तिथवर आला होता.

१९२४ साली तो गेला. कितीतरी दशकं त्याच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता.

तेव्हा कुणी ‘पहिला कोण’ विचारलं तर नाव जरूर सांगा. आणि उलट विचारा, त्याच्या मागचं दार कुणी लावलं?