अडल्याशिवाय हुनर येत नाही

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात कापड, शिलाई, गॅरेज आणि फेरीच्या धंद्यावर चालणाऱ्या कित्येक घरांतील मुले आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. चिखली, मलकापूरलाही सोय झाली. ही समाधानाची बाब आहे. परंतु पदवी घेऊन पुण्याला गेलेला मुलगा सहा-आठ महिन्यांत परत येऊन वडिलांच्या गल्ल्यावर बसतो, असेही दिसते. विचारले तर एकच उत्तर मिळते, "तिथे जमत नव्हते."

या 'जमत नव्हते'चा विचार आपण केला पाहिजे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा दिवस कसा जातो? लिहिलेले चालत नाही. एक चिन्ह चुकले म्हणून चार तास जातात. वरिष्ठ ते तपासून दोष दाखवतो. सगळी माहिती इंग्रजीत असते आणि थोडे अंगवळणी पडते न पडते तोच नवे साधन येते. मुलाला वाटते, आपणच नालायक. वास्तविक हा त्रास म्हणजेच ते काम आहे. ताण्याचा धागा तुटला की विणकर माग थांबवतो, टोक शोधतो, गाठ मारतो. धागा तुटला म्हणून माग कोणी विकत नाही.

हा हुनर आपल्याला परकाही नाही. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा जेकार्ड माग १८०४ मध्ये फ्रान्समध्ये आला. तीच युक्ती पुढे बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. 'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकात बगदादला काम करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मींच्या नावावरून आला. पण नुसता वारसा मिरवून रोजी मिळत नाही.

शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील अमळनेरचे उदाहरण घ्या. तिथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली. वडिलांच्या निधनामुळे १९६६ मध्ये अमेरिकेतील शिक्षण सोडून २१ वर्षांचे अझीम प्रेमजी तिच्या गादीवर आले. तेल-साबणाचा धंदा चालू असताना १९८० च्या सुमारास ही कंपनी संगणकाच्या अनोळखी क्षेत्रात उतरली. तीच आजची विप्रो.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही बाजारात गिऱ्हाइकांशी बोलून शिकलो. कोणी हसले तरी बोलत राहिलो. उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला अकरावी सायन्सला इंग्रजी समोर येते तेव्हा हाच प्रसंग असतो. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, टिकून राहून शिकणे होय.

मात्र प्रत्येक त्रास सोसावा असे आम्ही म्हणत नाही. नोकरीची हमी देऊन भरमसाट फी उकळणे, महिनोन्महिने बिनपगारी राबवणे हा जुलूम आहे. तिथून मुलाला खुशाल परत आणावे. कसोटी सोपी आहे. त्रासातून हात काही नवे शिकतो आहे काय? शिकत असेल तर थांबावे.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात प्रोग्राम लिहून देते. ती जरूर वापरावी. पण वीण न समजता तयार थान उचलणारा दुकानदार, माल परत आल्यावर काय सांगणार? दोष शोधण्याची शिदोरी अडून-अडूनच जमते.

आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. शिवणकाम शिकणाऱ्या पोराला आपण पहिल्या महिन्यात शेरवानी कापायला देत नाही. मग संगणकवाल्या मुलाकडून सहा महिन्यांत निकाल का मागावा? जमेल तेवढे दिवस खोलीचे भाडे पाठवावे आणि फोनवर पगार विचारण्याआधी, "या आठवड्यात कुठे अडलास, कसा सुटलास?" हे विचारावे. दुसरे, ईदला गावी येणाऱ्या नोकरदार मुलांना मोहल्ल्यातील विद्यार्थ्यांसोबत तासभर बसवावे. आपण किती वेळा अडलो, हे त्यांनीच सांगावे. मग परतीची गाडी पकडण्याआधी आमची पोरे एकदा तरी थांबून विचार करतील.