अपिलाचा हक्क आहे, पण वकील कुठाय?

राज्यशास्त्राच्या वर्गात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर हे नाव आलं आणि पुढं सरकलं. मी मात्र त्यांच्या १९७८च्या होस्कोट निकालावर अडकलो.

बनावट पदव्यांच्या गुन्ह्यात मुंबई उच्च न्यायालयानं होस्कोटला तीन वर्षांची शिक्षा दिली. निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असं त्याचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयात तो पोचला तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. तिथं तो हरला. पण अय्यर यांनी त्याच निकालात बजावलं: कैद्याला प्रत फुकट आणि वेळेत द्या, ऐपत नसेल तर वकीलही द्या. ही सरकारची दया नव्हे, कर्तव्य आहे.

हे लिहिणारा माणूस १९४८मध्ये स्वतः तुरुंगात राहिला होता, १९५७ला केरळात मंत्री झाला होता. मोफत कायदेशीर मदतीवरचा १९७३चा अहवालही त्यांच्याच समितीचा.

पुढं १९८७चा कायदा आला. आज महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. अर्ज तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं करायचा.

दोस्तांनो, ‘वकील परवडत नाही’ म्हणून घरात कुणी गप्प बसलंय का? आज विचारा. अपिलाची मुदत थांबत नाही.