नांगर टाकायचा कुठे?

स्वतःची शिडाची बोट, तीत थाटलेला संसार आणि भोवती निळेशार पाणी, हे धकाधकीला कंटाळलेल्या माणसाचे जुने स्वप्न. प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाची बेटे हे या स्वप्नाचे माहेरघर. पनामा कालवा ओलांडून, व्यापारी वाऱ्यांच्या जोरावर सुमारे चार हजार सागरी मैल कापत युरोप-अमेरिकेतील कुटुंबे दरवर्षी इथे येतात. महिनाभर जमीन दिसत नाही; मग एका सकाळी मार्केसास बेटांचे उंच कडे दिसू लागतात. तिथून ताहिती, मूरेआ, बोराबोरा असा मुक्कामांचा सिलसिला सुरू होतो. कुठेही जावे, आवडेल तिथे नांगर टाकावा, हवे तितके राहावे, हीच या जगण्यातली गोडी. आता नेमक्या याच गोडीवर बंधने येऊ लागली आहेत.

गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा आपल्याला ठाऊक आहे. ते एक ध्येय होते. इथे मात्र प्रवासापेक्षा मुक्काम मोठा. आणि तो वाटतो तितका ऐषारामाचा नसतो. गोडे पाणी मोजून वापरायचे, वीज सौर पट्ट्यांतून मिळेल तेवढीच. छोटी रबरी होडी म्हणजे घरची स्कूटर. सकाळी तीतून किनाऱ्यावर जाऊन फ्रेंच पद्धतीचा लांब पाव आणायचा. दूरच्या बेटांवर भाजी मिळते ती मालवाहू जहाज येईल तेव्हा. मुलांची शाळा जेवणाच्या टेबलावर भरते. रात्री वारा फिरला, की घरातले कोणीतरी उठते आणि नांगर सरकला तर नाही ना, हे पाहून येते.

प्रश्न या नांगराचाच आहे. दहा मीटर खोल पाण्यात बोट घट्ट राहावी म्हणून चाळीस-पन्नास मीटर लोखंडी साखळी सोडावी लागते. त्यातली तीसेक मीटर तळावर पडून राहते असे धरले आणि वारा चहूदिशांनी फिरला, तर ती साखळी जवळपास अठ्ठावीस गुंठे तळ घासून काढू शकते. खाली नुसती वाळू असेल, तर फारसे बिघडत नाही. पण प्रवाळ असेल, तर अनेक वर्षे वाढत आलेली वसाहत एका रात्रीत मोडते. शिवाय प्रत्येक बोटीवर एक स्वच्छतागृह असते आणि त्यातली घाण साठवायची टाकी सगळेच वापरतात असे नाही.

बेटाभोवतीच्या प्रवाळभिंतीच्या आतला हा शांत जलाशय पाहुण्याला निसर्गचित्र वाटतो. बेटावरच्या माणसाचे मात्र ते परसदार आहे. तिथे तो मासे धरतो, त्याची मुले पोहायला शिकतात. जेमतेम पावणेतीन लाख वस्तीच्या या प्रदेशात घरासमोर दहा-वीस परक्या बोटी महिनोन् महिने उभ्या राहिल्या, तर कुरकुर होणारच. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सीमा बंद झाल्या, तेव्हा ही तेढ वाढली. बोटी भर समुद्रात, वाऱ्याविरुद्ध मागे फिरणे जवळजवळ अशक्य आणि पुढची बंदरेही बंद. अनेक कुटुंबांना बोटीवरच कोंडून राहावे लागले. त्यांची अडचण खरी होती. आणि किनाऱ्यावरच्यांची भीतीही खरी होती.

मूरेआने २००४ मध्येच आपल्या जलाशयाचा आराखडा केला होता. पुढे तो सुधारून बोटींनी कुठे आणि किती दिवस थांबावे यावर मर्यादा घातल्या. बोराबोरात नांगराऐवजी ठरलेल्या बोयाला पैसे भरून बोट बांधावी लागते. बोटवाल्यांची तक्रार अशी, की आम्ही मूठभर. पाण्यात खांब रोवून बांधलेली हॉटेले, डोंगरावरून वाहून येणारा गाळ आणि तापणारा समुद्र यांचे काय? २०१९ मध्ये मूरेआचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले ते उष्णतेने, नांगराने नव्हे. या तक्रारीत तथ्य आहे. पण मोठा अपराधी मोकळा आहे म्हणून लहान नुकसान माफ होत नाही. शिवाय तापणारा समुद्र बेटवासीयांच्या हातात नाही, नांगर आहे.

आणि हा विचार बाहेरून आलेला नाही. ठरावीक पाण्यात ठरावीक काळ मासेमारी बंद ठेवण्याची 'राहुई' ही पॉलिनेशियाची जुनी प्रथा. अलीकडे गावोगावी ती पुन्हा रुजते आहे. जून २०२५ मध्ये नीस येथील सागर परिषदेत तिथल्या सरकारने आपले जवळजवळ पन्नास लाख चौरस किलोमीटरचे सारे सागरी क्षेत्र संरक्षित करण्याची घोषणा केली. ज्या लोकांनी १९६६ ते १९९६ या काळात आपल्या प्रवाळद्वीपांवर १९३ फ्रेंच अणुचाचण्या सोसल्या, त्यांनी आपल्या पाण्याबद्दल हळवे असणे समजण्यासारखे आहे.

हे लोक स्वतः जगातले थोर दर्यावर्दी. होकायंत्राशिवाय, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या खुणांवर त्यांच्या पूर्वजांनी हा महासागर वसवला. १९७६ मध्ये 'होकुलेआ' ही जोडनौका त्याच विद्येवर हवाईहून ताहितीला पोहोचली. त्यांना समुद्रावर फिरणाऱ्यांचे वावडे असण्याचे कारण नाही. त्यांचे म्हणणे साधे आहे. समुद्र सर्वांचा असला, तरी उंबरठ्याच्या आत आल्यावर कुठे बसावे हे घरच्यांना विचारावे. स्वातंत्र्य शोधत निघालेल्यांना ही अट जाचक वाटू नये. बोयाचे भाडे भरून तिथली सकाळ तेवढीच निळी राहते. आणि साखळीखाली प्रवाळच उरले नाहीत, तर पुढच्या बोटीने इथवर यायचे तरी कशासाठी?