पाण्याची गादी बरी की वाऱ्याची?

"डॉक्टर, रात्री दोनदा उठून अंघोळ करतो, तरी डोळा लागत नाही. ती पाण्याने गार होणारी गादी घेऊन टाकू का?" नालासोपाऱ्यात गच्चीच्या थेट खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांचा हा प्रश्न. एप्रिल-मे आला की असे प्रश्न वाढतात, म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

झोप लागताना शरीराचे तापमान जवळपास एक अंशाने उतरावे लागते. ही उष्णता कातडीवाटे बाहेर पडते. जाड फोमची गादी नेमकी तीच वाट अडवते.

बाजारात दोन तऱ्हेची साधने आहेत. पहिल्यात चादरीखाली बारीक नळ्यांचे अंथरूण असते आणि शेजारच्या यंत्रातून त्यात गार पाणी फिरते. दुसऱ्यात लहान पंखा खोलीतलीच हवा चादरीच्या थरांतून खेळवतो. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे निव्वळ गारव्यात पहिले साधन वरचढ, हे मान्य केले पाहिजे.

पण आपण राहतो वसईच्या किनाऱ्यावर, नागपुरात नव्हे. विदर्भात वाळ्याचा कूलर खोली गार करतो, कारण तिथली हवा कोरडी असते. आपल्याकडे तोच कूलर खोली दमट करून सोडतो. पाण्याच्या गादीचेही काहीसे तसेच आहे. मे महिन्यात आपल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. गादीतले पाणी त्याहून गार केले, की थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून फुटतो तसा घाम अंथरुणाला फुटू शकतो. ओलसर अंथरूण म्हणजे गजकर्णाला आमंत्रण! शिवाय पाण्यातून काढलेली उष्णता यंत्र त्याच खोलीत सोडते. टाकी उघडी राहिली तर डेंग्यूच्या डासांची सोय होते. परदेशी यंत्रांची किंमत तर लाखाच्या घरात जाते.

वाऱ्याचे साधन खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही, ही त्याची मर्यादा. पण ते घाम वाळवते, आणि दमट हवेत आपला खरा शत्रू न वाळणारा घामच आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आपल्याकडे सामान्य माणसाने वाऱ्याचीच बाजू घ्यावी.

त्यासाठी यंत्रच हवे असेही नाही. आपल्या आजोबांची काथ्याची बाज हे वाऱ्याचेच साधन होते. खालून वरून दोन्हीकडून हवा खेळायची. फोमवर चटई किंवा पातळ कापसाची गादी, सुती चादर, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, त्यांना जाळी आणि गच्चीला पांढरा रंग, एवढे आधी करून पाहावे. त्या गृहस्थांनाही मी हेच सांगितले.

दोन इशारे मात्र ध्यानात ठेवा. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांनी, तसेच तान्ह्या बाळांसाठी, गार पाण्याची गादी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना आपण जी वॉटर बेड किंवा एअर बेड आणतो, ती शय्याव्रण टाळण्यासाठी असते, गारव्यासाठी नव्हे. ती आणली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते.

दुसरे, हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा शरीर गार करण्याऐवजी तापवतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हातल्या सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. अंग तापून कोणी बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर पाणी की वारा हा वाद घालत बसू नका. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, जोराने वारा घाला आणि १०८ला फोन करा. तिथे दोन्ही लागतात, आणि लगेच लागतात.