ट्यूलिपला ‘बिचारं’ म्हणू नका

मार्च संपत आला की श्रीनगरच्या ट्यूलिप बागेचे व्हिडिओ फोनवर यायला लागतात. झबरवानच्या पायथ्याशी लाल-पिवळ्या रांगा, आणि मध्येच परतलेला गारठा, पाऊस. मग सगळ्यांचं एकच: ‘बिचारी फुलं!’ आपल्या मंडळातल्या कवितांतही ट्यूलिप असाच येतो, थंडीशी झुंजणारी नाजूक आशा वगैरे. मीही दोनदा लिहिलंय. आता लाज वाटते, कारण गेल्या डिसेंबरात मी स्वतः ट्यूलिप लावून बघितला.

पाच कंद ऑनलाइन मागवले, सिकंदराबादच्या आमच्या बाल्कनीत लावले. म्हटलं, आपली कडाक्याची थंडी आहेच! (१५ अंशांना कानटोपी घालणारी माणसं आपण.) दोन-दोन पानं आली आणि कळी आतल्या आत सुकली. विकणाऱ्यानं एवढंच सांगितलं नव्हतं, की ट्यूलिपला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते. आपल्याकडे ती आधी फ्रिजमध्येच द्यावी लागते. म्हणजे माझा ट्यूलिप थंडीनं नाही, थंडी न मिळाल्यानं गेला.

काश्मीरमध्ये कंद हिवाळ्याआधीच जमिनीत जातात. थंडीत त्यांच्यातल्या साठवलेल्या स्टार्चची साखर होत जाते. साखर मिसळलेलं पाणी शून्य अंशाला लगेच गोठत नाही, म्हणून पेशी वाचतात. पुढे देठ वाढवायला तीच साखर कामी येते. थंडी उशिरा परतली तर पहाटे पानं आणि देठ माना टाकतात, ऊन चढलं की पुन्हा उभे राहतात. घट्ट मिटलेली कळीही बरंच सोसते. फटका बसतो तो उमललेल्या फुलाला, त्याच्या पाकळ्या डागळतात. कंद मातीखाली सुखरूप. खरं वाईट म्हणजे लवकर आलेलं ऊन. त्यात फुलं भराभर उमलतात आणि भराभर गळतात. २००७ साली सुरू झालेल्या त्या बागेत लवकर, मध्ये आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिसळून लावतात, त्या हंगाम लांबावा म्हणूनच.

पण मला खटकतंय ते वेगळंच. रविवारी मी चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण देते. ईस्टर जवळ आला की आम्ही सर्रास सांगतो: बघा, मेलेला कंद पुन्हा जिवंत होतो, तसा प्रभू उठला. मेलेला कुठे असतो तो? ट्यूलिपचं इवलंसं फूल आदल्या उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात तयार होऊन बसलेलं असतं. यंदा मी हे वर्गात सांगितलं, तर एका मुलानं विचारलं, ‘टीचर, मग येशू नुसता झोपला होता का?’

मला उत्तर देता आलं नाही. चूक त्याची नव्हती, आमच्या उपमेची होती. मृत्यू खरा नसेल तर पुनरुत्थान तरी कसलं? माझं स्पष्ट मत आहे, ईस्टरसाठी कंद वापरू नये. वापरायचाच तर उपवासकाळासाठी वापरावा, तो वाट बघण्याचा आणि साठवण्याचा काळ असतो.

आणि कवितेत तरी आपल्या अंगणातला कंद यावा. वसईला आजीकडे मे फ्लॉवर आहे. मूळचा आफ्रिकेचाच, पण त्याला फ्रिज लागत नाही. हिवाळाभर कुंडीत नुसती माती दिसते आणि पावसाच्या तोंडावर लाल चेंडू वर येतो. तिनं दिलेला एक कंद आमच्या बाल्कनीतही आहे. परवा आई ती कुंडी रिकामी समजून त्यात कोथिंबीर पेरायला निघाली होती.